मार्टिनी-हेन्रीच्या अंगावरचे शिक्के: जुन्या ब्रिटिश फौजी रायफली वाचायच्या कशा?

यॉर्कशायरी (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर माझ्या मार्टिनी-हेन्रीचा फोटो टाकला, तेव्हापासून व्यनितून दोनच प्रश्न येताहेत: खरी आहे का, आणि झुलू युद्धातली (१८७९, दक्षिण आफ्रिका) आहे का? पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याला एक ओळ पुरत नाही, म्हणून हा धागा.

नवख्यांसाठी आधी थोडक्यात. मार्टिनी-हेन्री ही ब्रिटिश फौजेने १८७१ साली मंजूर केलेली एकबारी रायफल. खालची तरफ ओढली की आतला ठोकळा खाली झुकतो, काडतूस सरकवायचं, तरफ वर, की बार तयार. ही कळ फ्रीड्रिश फॉन मार्टिनीची आणि नळीतले सात पीळ एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीचे, म्हणून जोडनाव. काडतूस ५७७/४५०: शिशाची गोळी ४८० ग्रेनची (सुमारे ३१ ग्रॅम) आणि तिच्यामागे ८५ ग्रेन काळी दारू. खांद्याला मिळणारा दणका तुम्हीच समजा. हिच्याआधी १८६६ ची स्नायडर, त्याआधी १८५३ ची ठासणीची एन्फिल्ड. हिच्यानंतर १८८८ ची ली-मेटफर्ड आणि १८९५ ची ली-एन्फिल्ड.

आता शिक्के. रायफलीची उजवी कूस बघा. कळ जिच्यात बसते त्या पोलादी पेटीवर सगळ्यात वर मुकुट, त्याखाली व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना, मग कारखाना, साल आणि रोमन आकड्यात मार्क, म्हणजे सुधारित आवृत्तीचा क्रमांक. माझ्या रायफलीवर एन्फिल्ड, १८७८, मार्क दोन असं आहे. कारखान्याच्या जागी एन्फिल्ड म्हणजे सरकारी कारखाना. 'बीएसए अँड एम' म्हणजे बर्मिंगहॅमची खाजगी कंपनी. कंपनीचं हे नाव १८७३ ते १८९७ एवढंच चाललं, म्हणून सालाशी ताडून बघायला ते फार उपयोगी. 'एलएसए' म्हणजे लंडन स्मॉल आर्म्स. याशिवाय सरकारी मालकीचा तीन रेघांचा बाण ठिकठिकाणी असतो. नळीवर, ठोकळ्यावर, तरफेवर इवलासा मुकुट, खाली अक्षर आणि आकडा दिसतो, ती तपासनिसाची सही. लाकडी दस्त्यावर उजवीकडे गोल ठसा असतो, त्यात पुन्हा कारखाना आणि मार्क. हा ठसा बहुतेक वेळा कुणीतरी हौसेने पॉलिश करून पुसून टाकलेला असतो.

हे झाले कारखान्याचे शिक्के. त्यापुढची गंमत दस्त्याच्या टोकाला बसवलेल्या लोखंडी पट्टीवर आहे. तिची जी जीभ वरच्या बाजूला वळते, तिच्यावर पलटणीचं नाव किंवा क्रमांक आणि हत्याराचा नंबर ठोकलेला असतो. थोडक्यात, रायफल म्हणजे सातबारा. मूळ नोंद कारखान्याची आणि त्यावर प्रत्येक नव्या मालकाचा फेरफार. जुनी नोंद खोडत नाहीत, शेजारी नवी घालतात. सैन्याने माल विकून टाकला की बाणाला टोकाला टोक भिडवून दुसरा बाण ठोकायचा: सरकारी मालकी संपली.

झुलू युद्धाचं असं आहे. इसांडलवानाची लढाई २२ जानेवारी १८७९ ची. २४ व्या पायदळ पलटणीचा तिथे फडशा पडला आणि शेकडो रायफली झुलूंच्या हाती लागल्या. त्याच दिवशी आणि रात्री रोर्क्स ड्रिफ्टला त्याच पलटणीच्या एका तुकडीने ठाणं राखलं. तेव्हापासून इथला, इंग्लंडातला, प्रत्येक विक्रेता आपली मार्टिनी तिथे होती असं सूचित करतो. सूचित, बरं का. कुणी लिहून देत नाही. तुम्ही एवढंच करा:

मार्क तीन असेल तर विषय संपला, तो १८७९ साली नुकताच मंजूर होत होता. मार्क चार तर त्याहून पुढचा. पेटीवर १८८० किंवा नंतरचं साल असेल तरी संपला. जिभेवर 'एस.डब्ल्यू.बी.' असेल तर? २४ वी पलटण 'साउथ वेल्स बॉर्डरर्स' झाली १८८१ च्या फेररचनेत, त्यामुळे तो शिक्का युद्धानंतरचा. अक्षरांआधी 'व्ही' असेल तर ती हौशी स्वयंसेवकांची तुकडी, जिने आफ्रिका नकाशातच पाहिली असणार. आणि नुसताच २४ असेल, तर तो रॅकमधला चोविसावा नंबरही असू शकतो. अशा सुट्या २४ वर दुप्पट किंमत मोजणारे लोक मी लिलावात पाहिलेत.

माझी १८७८ ची, मार्क दोन. साल बसतं, मार्क बसतो. पण जिभेवर पलटणच नाही, आहेत ते देवनागरी आकडे. म्हणजे ती नेपाळहून आलेली. त्याबद्दल खाली कुणी विचारलं तर लिहितो.

कोपऱ्यातला

वाचनखूण साठवली. पण एक शंका. इंग्लंडात घरात रायफल ठेवायला परवाना लागत नाही? आमच्याकडे पोलीस पाटील छर्‍याच्या बंदुकीलाही दहा प्रश्न विचारतो.

यॉर्कशायरी

१९६८ च्या कायद्याचं कलम ५८ आहे. पुरातन हत्यार शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवलं तर परवाना नको. पुरातन कशाला म्हणायचं याचे नियम २०२१ साली पक्के केले. हत्यार १ सप्टेंबर १९३९ पूर्वीचं हवं आणि त्याचं काडतूस सरकारच्या कालबाह्य यादीत हवं. ५७७/४५० त्या यादीत आहे. ली-एन्फिल्डचं ३०३ नाही. त्यामुळे १९०० सालची ली-एन्फिल्ड कितीही म्हातारी असली तरी तिला परवाना हवा, नाहीतर ती कायमची निकामी केल्याचा दाखला हवा. आणि मार्टिनीतून एक बार जरी उडवायचा म्हटलं तरी परवाना काढावा लागतो. मी उडवत नाही, आमच्या भिंतीला टेकून उभी असते.

एडिसनकर

इकडे अमेरिकेत हिशेब सालाचा आहे. १८९८ किंवा त्याआधी बनलेली असेल तर फेडरल कायद्याने ती पुरातन. राज्यांचे नियम वेगळे बघावे लागतात. त्यामुळे इथे शिक्क्यातलं साल वाचणं ही निव्वळ हौस राहत नाही, कायद्याचाच प्रश्न होतो.

माझा विषय १८५३ ची एन्फिल्ड. अमेरिकेच्या यादवीत दोन्ही बाजूंनी इंग्लंडातून या लाखांनी मागवल्या, त्यामुळे इथे त्या इंग्लंडापेक्षा सहज मिळतात असं माझं मत. घोड्याखालच्या पट्टीवर मुकुट आणि 'टॉवर' लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं लंडनच्या टॉवरमधून आली. मुकुटाखाली व्ही.आर. आहे का ते बघायचं. नसेल तर बहुतेक करून बर्मिंगहॅमच्या व्यापाऱ्यांनी विकायला बनवलेला माल, ब्रिटिश फौजेने हातही न लावलेला. नळीवर बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे शिक्के, म्हणजे मुकुटाखाली एकमेकांवर तिरके राजदंड, आणि '२५' हा आकडा दिसला की खात्री. २५ म्हणजे बोअरचं माप, एक पौंड शिशाच्या २५ गोळ्या या जुन्या हिशेबाने. सरकारी रायफलीवर हे नसतं.

दक्षिणेकडच्या कॉन्फेडरेट फौजेने स्वीकारलेल्या रायफलींवर 'जे.एस.' आणि खाली नांगर असा ठसा लाकडात सापडतो. तो असला की किंमत कितीतरी पटीने वाढते. साहजिकच, नांगराचे नवे ठसे बनवणारेही वाढले. लाकूड दीडशे वर्षांचं आणि ठशाच्या कडा ब्लेडसारख्या तीक्ष्ण, असं दिसलं की मी पुढच्या टेबलाकडे जातो.

तिरकस

माहिती चांगली आहे, नाकारत नाही. पण ज्या बंदुकांनी आपल्या लोकांना मारलं त्यांच्या अंगावरचा मुकुट इतक्या प्रेमाने चाटायचा कशाला? ५३ ची एन्फिल्ड म्हणजे चरबीच्या काडतुसांची तीच ना?

यॉर्कशायरी

तीच. बराकपूरला २९ मार्च १८५७ ला मंगल पांडेंनी जे केलं ते याच रायफलीच्या काडतुसावरून पेटलेलं. प्रेमाचं माहीत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला एका रायफलीतच मिळालं होतं, म्हणून सांगतो.

१८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी वेगळी बंदूक काढली. बाहेरून हुबेहूब ५३ ची एन्फिल्ड, तशीच लांब, तसेच तीन पट्टे. आत बघितलं तर नळी गुळगुळीत. पीळ नाहीत, बोअर ५७७ ऐवजी ६५६. वर-खाली करायची ९०० यार्डांची शिडी काढून तिथे एक साधा ठोकळा बसवला, कारण बिनपिळाच्या नळीतून एवढ्या लांब नेम लागतच नाही. शेजारी उभ्या गोऱ्या सोल्जरच्या हातात पिळाची रायफल, शिपायाच्या हातात तिची पोकळ नक्कल. अविश्वास किती होता हे एखाद्या पत्रव्यवहारात वाचणं वेगळं आणि नळीत बोट घालून तो गुळगुळीतपणा जाणवणं वेगळं.

पुढेही तेच धोरण. गोऱ्या पलटणींना मार्टिनी मिळाली तेव्हा हिंदी पलटणींना स्नायडर, त्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा यांना मार्टिनी. एक पिढी मागे. म्हणून हिंदी पलटणीचा शिक्का असलेल्या मार्टिनीवर पेटीचं साल १८७० च्या दशकातलं असलं तरी ती आपल्या शिपायाच्या हातात बरीच उशिरा आली असं धरायचं.

तिरकस

हे नवीन कळलं. तरी भिंतीला टेकवून ठेवणार नाही मी. संग्रहालयात असावी, तिथे मुलांना हेच सांगून दाखवावी.

खडकीकर

तिरकसराव, पुण्यात केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं आहेत, मुलांना घेऊन जा. पण तिथल्या चिठ्ठीवर शिक्क्यांचं कुणी लिहीत नाही, तेवढं यॉर्कशायरींकडून शिकून जा.

मी बंदुकीचा माणूस नाही, काडतुसाचा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. जुन्या काडतुसाच्या बुडावर 'के.एफ.' दिसलं तर ते आमच्या खडकीचं. शेजारी साल असतं. परदेशातल्या संग्राहकांकडे खडकीची पितळी टोपणं डब्या भरभरून असतात आणि त्यांना खडकी कुठे आहे विचारलं तर सांगता येत नाही. (रिकामीच ठेवा. जिवंत काडतूस सापडलं तर हातात घेऊन फोटो काढत बसू नका, पोलिसांना कळवा.)

बंगालमधल्या इशापूर रायफल कारखान्याच्या ली-एन्फिल्डबद्दलही लिहा की कुणीतरी.

एडिसनकर

मी लिहितो थोडं. ली-एन्फिल्डवर शिक्के दस्ता जिथे पेटीला जोडतो त्या कंबरेच्या पट्ट्यावर, उजव्या बाजूला. मुकुटाखाली ई.आर. असेल तर १९०१ ते १९१०, एडवर्डचा काळ. जी.आर. असेल तर पाचवा किंवा सहावा जॉर्ज. इशापूरच्या रायफलीवर पुढे जी.आर.आय. येतं, शेवटचा 'आय' इंपरेटरचा, म्हणजे सम्राट. स्वातंत्र्यानंतर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आणि आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) आला. एकाच कारखान्याच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तर सत्तांतर दिसतं. इशापूरने फार पुढे, १९६० च्या दशकात, हाच ढाचा ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनवला. इथे 'एन्फिल्ड ३०३' म्हणून तीही विकायला मांडतात. तिचं मॅगझिन चौकोनी आहे, एका नजरेत ओळखू येतं.

बाण कोणाचा तेही बघा. 'सी'च्या पोटात बाण असेल तर कॅनडा. बाण आणि त्याखाली 'आय' असेल तर हिंदुस्थान. दोन 'डी'च्या मध्ये बाण असेल तर ऑस्ट्रेलिया. 'डी.पी.' ठोकलं असेल तर फक्त कवायतीसाठी, त्यातून बार काढायचा विचारही करू नका. 'एफ.टी.आर.' आणि साल असेल तर कारखान्यात पूर्ण दुरुस्ती होऊन परत आलेली.

सुरंगी

मी कोकणातली. आमच्या घरी पणजोबांची संगीन आहे, लांबलचक, लाकडी मुठीची. ते पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, मेसोपोटेमियात (आजचा इराक). घरात सगळे सांगतात की ही कुटच्या वेढ्यातली. पात्यावर मुकुट, जी.आर. आणि १९०७ असं आहे. म्हणजे १९०७ साली बनलेली, मग कुटमध्ये असूच शकते ना? दुसऱ्या बाजूला बाण आणि फुलीसारखं काहीतरी आहे.

यॉर्कशायरी

सुरंगीताई, संगिनीवरचा १९०७ हा आकडा सगळ्यांना चकवतो. तो नमुन्याचा आहे, '१९०७ ची पद्धत' अशा अर्थाने. बनल्याची तारीख त्याच्या खाली बारीक असते, महिना आणि सालाचे शेवटचे दोन आकडे. त्याखाली कारखान्याचं नाव: विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, व्हिकर्स असं काहीतरी. फुली म्हणजे पातं वाकवून बघण्याच्या चाचणीत पास. तिरका उजेड पाडून बघा. घासू नका, चिंच-लिंबू तर अजिबात लावू नका.

सुरंगी

मुलीने मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तेव्हा दिसलं. ३ आणि १८. खाली सँडरसन.

यॉर्कशायरी

म्हणजे मार्च १९१८. कुट पडलं २९ एप्रिल १९१६ ला. ही संगीन तेव्हा जन्मलीच नव्हती.

पण पणजोबा कुटला नव्हते असा याचा अर्थ होत नाही. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी, तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनमधून तिथे होत्या. संगीन त्यांना पुढे कधीतरी मिळाली असेल. त्यांचं पदक असेल घरात तर त्याच्या कडेवर बघा, शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पणजोबांबद्दल तीच कड जास्त खरं सांगेल.

सुरंगी

पदक काकांकडे आहे, विचारते. आईला १९१८ सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या त्या लोकांना काय माहीत?" :)

कोपऱ्यातला

सुरंगीताई, एवढं लांब पातं म्हणजे शस्त्र कायद्यात येतं का तेही एकदा ठाण्यात विचारून घ्या. वाड्यात, माळ्यावर ठासणीच्या बंदुका सापडणाऱ्यांनी तर नक्कीच. १९५९ च्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुनाट किंवा पुरातन मोलाच्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही बार उडणार नसेल तरच. ते आपण घरी बसून ठरवायचं नसतं. आणि शंभर वर्षांपूर्वीची वस्तू असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे परदेशी विकताही येत नाही. आमच्या आत्याच्या घरचं प्रकरण वकिलापर्यंत गेलंय, म्हणून एवढं पाठ आहे.

खडकीकर

यॉर्कशायरी, नेपाळचं राहिलं.

यॉर्कशायरी

हो. काठमांडूला लगन सिलेखाना नावाच्या जुन्या राजवाड्यात नेपाळी फौजेची हत्यारं पिढ्यान्‌पिढ्या रचून ठेवलेली होती. ब्राउन बेस, ब्रन्सविक, एन्फिल्ड, स्नायडर, मार्टिनी, सगळं. २००३ च्या सुमारास दोन अमेरिकन कंपन्यांनी तो सगळा साठा विकत घेतला, आणि जगभरच्या बाजारात एकदम हजारो बंदुका आल्या. जाड, काळ्या पडलेल्या ग्रीसखाली झाकलेल्या. माझी त्यातलीच. ग्रीस काढायला वेळ लागतो, पण त्याच ग्रीसमुळे शिक्के वाचलेत.

यात ब्रिटिशांनी दिलेल्या रायफली आहेत आणि नेपाळात हाताने घडवलेल्याही. 'गहेंद्र' बाहेरून मार्टिनी वाटते, आतली कळ वेगळी आहे. जनरल गहेंद्र शमशेर यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यावर व्ही.आर. शोधू नका, देवनागरी मिळेल.

आणि इथे आपली मजा. इथले विक्रेते लिहितात, "पेटीवर पौर्वात्य नक्षी." ती नक्षी म्हणजे आपले आकडे! जो अनुक्रमांक आपल्याला पहिलीच्या पोरासारखा वाचता येतो तो इथल्या पन्नास वर्षं संग्रह करणाऱ्या गृहस्थांना येत नाही. क्लबात मला त्या एकाच कामासाठी चहा मिळतो. चार आकड्यांचं साल असेल तर ते बहुधा विक्रम संवतातलं, त्यातून ५७ वजा करा (वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ५६). १९३६ लिहिलेलं बघून एकजण दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरची म्हणून विकत होता. ती १८७९ ची निघाली.

एडिसनकर

हाहा, आणि ते पुन्हा झुलू युद्धाचं साल. त्याला सांगू नका, नाहीतर किंमत वाढवेल.

नकलांबद्दल थोडं लिहा. अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांनी आणलेल्या मार्टिनी इकडे खूप दिसतात.

यॉर्कशायरी

खैबरच्या परिसरातल्या, विशेषतः दर्रा आदमखेलच्या कारागिरांच्या. हातात बघून-बघून ठोकलेले शिक्के असतात, ज्या कारागिराला रोमन अक्षरं वाचता येत नाहीत त्याने. मुकुट लोंबतो, एन्फिल्डमधला एन उलटा पडतो, अक्षरांची उंची एकेकाची एकेक. सगळ्यात सोपी खूण व्ही.आर. आणि साल यांचा मेळ. व्हिक्टोरिया राणी गेली २२ जानेवारी १९०१ ला (इसांडलवानाचीच तारीख, योगायोग). त्यापुढचं साल आणि व्ही.आर. एकत्र असेल तर पुढे बघायची गरज नाही. लोक याला बनावट म्हणून नाक मुरडतात. मला उलट त्यांचं कौतुक वाटतं. घरच्या भट्टीवर, कानशीने घासून चालू रायफल करणं सोपं नाही. फक्त ती ब्रिटिश फौजेची म्हणून घेऊ नका आणि तिच्यातून बार काढू नका. लोखंड कसलं आहे कुणाला ठाऊक.

सुरंगी

काकांनी पदकाच्या कडेचा फोटो पाठवला. नंबर, नाव, आणि १०३ मराठा एल.आय. असं आहे. आईला दाखवलं.

खडकीकर

वा! १०३ वी म्हणजे कुटला होतीच. आता त्यांची कागदपत्रं कुठे मिळतील ते शोधा. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, तिथे पत्र टाकून बघा. पदकाच्या कडेवरचा नंबर जसाच्या तसा लिहा, नावाचं स्पेलिंगही तिथे आहे तसंच.

नवखा_माणूस

उशिरा आलोय. लंडनला एका दुकानात मार्टिनी बघितली. मुकुट, व्ही.आर., बीएसए अँड एम, १८७२, मार्क दोन. विक्रेता म्हणतो, "सुरुवातीची दुर्मीळ." घेऊ का?

यॉर्कशायरी

बीएसए अँड एम हे नाव १८७३ चं, हे वर लिहिलंय. मार्क दोन १८७७ चा. १८७२ शी दोन्ही जुळत नाहीत. साल नीट वाचलं का? दोनाच्या जागी नऊ असेल, झिजलेल्या शिक्क्यात असं होतं. पुन्हा गेलात तर कागद ठेवून पेन्सिल फिरवा आणि तो ठसा इथे टाका. दस्त्याच्या पट्टीच्या जिभेचाही.